दिवाणखान्यातला समुद्र आणि केंडाचे दात

लांजा : मुंबई-गोवा महामार्गावरील लांजा शहराला समुद्रकिनारा नाही. तालुक्यातून वाहणाऱ्या मुचकुंदी आणि काजळी या नद्या समुद्राला मिळतात त्या अनुक्रमे पूर्णगडला आणि भाट्याला, म्हणजे शेजारच्या रत्नागिरी तालुक्यात. असे असूनही येथील एका परिचिताच्या दिवाणखान्यात काही काळ समुद्र नांदत होता. चार फूट लांबीची काचेची टाकी, तळाशी पांढरी वाळू, वर निळसर दिवा आणि या साऱ्या थाटात एकटाच फिरणारा, करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेला, वाटोळ्या डोळ्यांचा एक मासा. मुंबईतील एका दुकानातून प्राणवायू भरलेल्या पिशवीतून आणलेला हा 'पफर' घरातील माणसे ओळखू लागला होता. कोणी काचेजवळ गेले की तो तोंड वर करून खाणे मागे. आषाढातल्या एका वादळी रात्री वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. इन्व्हर्टर पहाटेपर्यंत तग धरून होता. मासा तग धरू शकला नाही.

एका घरातील एका माशाचा मृत्यू ही वर्तमानपत्राची बातमी होऊ शकत नाही, हे मान्य. परंतु खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा हा छंद मुंबई-पुण्यातील मोजक्या श्रीमंत घरांतून बाहेर पडून आता तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचला आहे आणि तो येताना आपल्याबरोबर कोणते प्रश्न आणतो आहे, याचा विचार मात्र अद्याप फारसा झालेला नाही. हे मासे येतात कोठून, विकणाऱ्याने घेणाऱ्याला काय सांगणे बंधनकारक आहे आणि कायदा या व्यवहाराकडे कसा पाहतो, या तिन्ही प्रश्नांना पफर हा एकच मासा पुरेसा ठरावा.

वास्तविक कोकणाला हा मासा नवा नाही. आपल्याकडे त्याला केंड म्हणतात. खाडीच्या काठावर वाढलेल्या कोणालाही जाळ्यातून वाळूवर टाकून दिलेला, पोट टम्म फुगलेला केंड आठवत असेल. मुले त्याला काटकीने डिवचत आणि तो आणखी फुगला की हसत. तो खायचा नाही, मांजरालाही घालायचा नाही, हे शहाणपण किनाऱ्यावरील घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. मच्छीमारांच्या लेखी तर तो निव्वळ उपद्रव. आपल्या कात्रीसारख्या दातांनी तो जाळी तोडतो आणि जाळ्यात सापडलेल्या मासळीचे व म्हाकुलाचे लचके काढतो. केरळच्या किनाऱ्यावर २००७ नंतर केंडांचे थवे वाढल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला. केंडाला खाणारा मोदुसा मोठ्या प्रमाणावर मारला गेल्यामुळे केंड माजला, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या माशाला किनाऱ्यावर कोणी हात लावत नाही, तोच मासा, किंवा त्याचा रंगीत चुलतभाऊ, शहरातील दुकानात काचेमागे ठेवला की त्याला भरभक्कम किंमत येते, ही गोष्ट गमतीची खरीच.

'केंड' किंवा 'पफर' हे एका माशाचे नाव नसून एका मोठ्या घराण्याचे आहे. त्याचे शास्त्रीय नाव टेट्राओडॉन्टिडी, म्हणजे चार दातांचे. वरच्या जबड्यात दोन आणि खालच्या जबड्यात दोन अशा दातांच्या चार पट्ट्या जुळून पोपटासारखी चोच तयार होते. ही चोच उंदराच्या दातांप्रमाणे आयुष्यभर वाढत राहते. निसर्गात तो खुबे, कालवे, कुर्ल्या फोडून खातो, त्यामुळे ती आपोआप झिजते. घरातील टाकीत त्याला सोललेली कोळंबी आणि दुकानातील सुके दाणे घातले तर चोच वाढत जाऊन तोंड मिटेनासे होते आणि समोर अन्न असूनही मासा उपाशी मरतो. परदेशातील छंदिष्ट अशा वेळी माशाला लवंगेच्या तेलातील द्रव्याने गुंगी आणून त्याचे दात कापतात. लांज्यातच काय, रत्नागिरीतही हे काम करणारा पशुवैद्य शोधून सापडणे कठीण. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा कवचासह खुबे किंवा तिसऱ्या घालणे सोपे, आणि कोकणात तर ते सहज शक्य आहे. ही साधी गोष्ट आमच्या परिचिताला कोणी सांगितली नव्हती.

त्याला न सांगितलेल्या गोष्टींची यादी याहून मोठी आहे. त्याने आणलेल्या जातीचा मासा निसर्गात दीड फुटांपर्यंत वाढतो. अरोथ्रॉन याच कुळीतील एक जात तर जवळजवळ चार फुटांची होते. दुकानात मात्र हे सारे तळहाताएवढे असतानाच विकले जातात. ज्यांना खरोखरच घरगुती टाकी पुरेल अशा कॅन्थिगॅस्टर कुळीतील जाती चार-पाच इंचांवर थांबतात, पण त्या दिसायला तितक्या 'गोंडस' नसल्याने गिऱ्हाईक मोठ्या डोळ्यांच्या माशाकडेच वळते. हिरव्या अंगावर काळे ठिपके असलेला आणखी एक छोटा पफर सर्रास गोड्या पाण्यातील मासा म्हणून विकला जातो. तो मूळचा खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातला. गोड्या पाण्यात तो काही महिने काढतो, मग रोगट होतो, आणि घेणारा आपलेच काही चुकले असे समजून गप्प बसतो.

आता पाण्याचे गणित पाहू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मध्यम आकाराच्या पफरला निदान ४०० ते ५०० लिटरची टाकी लागते. ५०० लिटर धरले तर पहिल्याच भरणीला साडेसतरा किलो मीठ हवे आणि दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचे तर दर खेपेस साडेतीन किलो. हे मीठ किराणा दुकानातले चालत नाही. मिठागरात पाणी आटवताना खाली बसते ते प्रामुख्याने सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियमसारखे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात राहून जातात. माशाला तर समुद्रातील सारेच क्षार हवे असतात. म्हणून ते खास बनवलेले मीठ विकत आणावे लागते. लांज्यातील जांभ्याच्या कातळात झिरपलेले विहिरीचे पाणी मुळात मवाळ, क्षार कमी असलेले. त्यात हे मीठ विरघळवणे त्यामानाने सोपे जाते. नळाचे पाणी वापरायचे तर त्यातील क्लोरीन आधी काढून टाकावे लागते.

मग सरळ समुद्राचेच पाणी का आणू नये? रत्नागिरी चाळीस किलोमीटरवर आहे, टेम्पोत चार कॅन टाकले की झाले, असा विचार अनेक जण करतात. आमच्या परिचितानेही तो केला होता. उन्हाळ्यात हे निभावते. पावसाळा सुरू झाला की मात्र काजळीचा लोंढा भाट्याच्या खाडीतून बाहेर पडू लागतो आणि किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ व कमी खारे होते. ज्या महिन्यांत वीज जाते त्याच महिन्यांत समुद्रही विश्वासाचा राहत नाही. क्षारता मोजणारे साधन त्याच्याकडे होते, पण ते मोजून पाहण्याची सवय नव्हती.

याहून नाजूक बाब टाकीतल्या जिवाणूंची. माशाच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला मारक. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलून काढता येते. हे जिवाणू वाळूत आणि गाळणीत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर टाकी रिकामी चालवत ठेवणे हा या छंदाचा पहिला नियम, आणि पैसे मोजून रिकामी टाकी बघत बसणे कोणालाच जमत नसल्याने सर्वाधिक मोडला जाणाराही नियम हाच. त्यातही पफर हा अत्यंत घाण करणारा खाणारा. कवच फोडताना अन्नाचे तुकडे चौफेर उडतात. त्याच्या अंगावर नेहमीच्या माशांसारखे खवले नाहीत, त्यामुळे अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या रोगावर दिली जाणारी तांब्याची औषधेही त्याला सहज बाधतात. वीज बंद पडली की प्राणवायू घटतो, जिवाणू मरू लागतात आणि अमोनिया चढत जातो. लांज्यातील त्या रात्री नेमके हेच घडले असावे. त्याच टाकीत गोड्या पाण्यातले चार गप्पी असते तर ते कदाचित सकाळी जिवंत दिसले असते.

विषाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण बहुतेक वाचकांच्या मनात पहिला प्रश्न तोच येईल. पफरच्या यकृतात, अंडाशयात आणि अनेक जातींत कातडीतही टेट्रोडोटॉक्सिन हे विष असते. जपानी शास्त्रज्ञ योशिझुमी तहारा यांनी १९०९ मध्ये त्याला हे नाव दिले. मज्जातंतूंचे कार्य थांबवून ते श्वसनाचे स्नायू लुळे पाडते. त्यावर उतारा नाही, रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवून विष ओसरण्याची वाट पाहणे हाच उपाय. कॅप्टन जेम्स कुक १७७४ मध्ये न्यू कॅलेडोनियात अशाच माशाचे यकृत चाखून मरता मरता वाचला होता. जपानमध्ये 'फुगू' शिजवायला परवाना लागतो आणि त्याचे यकृत खायला देण्यास बंदी आहे. २०२३ च्या मार्च महिन्यात मलेशियातील जोहोर राज्यात बाजारातून आणलेला असा मासा खाऊन एक वृद्ध दाम्पत्य दगावले. विशेष म्हणजे हे विष मासा स्वतः तयार करत नाही. ते जिवाणूंपासून खाद्यसाखळीतून त्याच्यात साठते, म्हणून नियंत्रित खाद्यावर वाढवलेल्या फुगूत ते जवळजवळ नसते. टाकीतला पफर हाताळल्याने कोणी मरत नाही. त्याच्या चाव्याने बोटाला खोल जखम मात्र होऊ शकते. मेलेला मासा मात्र पुरावा, मांजर-कुत्र्यापुढे टाकू नये. तसेच त्याला चिडवून फुगवण्याचा खेळ करू नये. संकटात तो पोटात पाणी ओढून फुगतो, पाण्याबाहेर काढला तर हवा ओढतो, आणि ती बाहेर टाकणे त्याला नेहमीच साधते असे नाही.

इतके सारे असूनही हा मासा लोकांना हवाहवासा वाटतो, याचे कारण समजण्यासारखे आहे. डोळे हलवून माणसाकडे पाहणारा आणि खायला घालणाऱ्याला ओळखणारा मासा विरळाच. 'फाइंडिंग निमो' या २००३ च्या चित्रपटातील दंतवैद्याच्या टाकीत 'ब्लोट' नावाचा काटेरी पफर होता. जगभरच्या मुलांनी त्यालाही आपलेसे केले. विज्ञानानेही या घराण्याचे कौतुक केले आहे. २००२ मध्ये फुगू माशाच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा मानवानंतर असा मान मिळवणारा तो दुसरा पृष्ठवंशीय प्राणी ठरला. जपानच्या अमामी ओशिमा बेटालगत समुद्रतळाच्या वाळूत रांगोळीसारखी वर्तुळे रेखणारा छोटासा पफर २०१४ मध्ये नवी जाती म्हणून नोंदवला गेला. मादीला आकर्षित करण्यासाठी नर एकटा दिवसच्या दिवस ती रांगोळी घालत असतो.

प्रश्न आहे तो हे मासे येतात कोठून याचा. गोड्या पाण्यातील शोभेचे बहुतेक मासे आज शेततळ्यांतून आणि टाक्यांतून पैदास होऊन येतात. समुद्री माशांचे याच्या उलट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या संवर्धन केंद्राने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दरवर्षी दोन ते अडीच कोटी समुद्री शोभिवंत मासे विकले जात होते आणि त्यांतले जवळपास सगळे प्रवाळ खडकांवरून पकडलेले होते. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियात खडकांत सायनाइड फवारून मासे गुंगवून धरण्याची पद्धत अनेक वर्षे चालली. त्यात मासेही मरतात आणि प्रवाळही. क्लाउनफिशसारख्या काही जातींची बंदिस्त पैदास आता सर्रास होते, आपल्याकडे मंडपम येथील केंद्रानेही ती करून दाखवली आहे. पफरची पिल्ले मात्र अंड्यातून निघाल्यावर उघड्या समुद्रात तरंगत वाढतात. त्यांना टाकीत जगवणे जिकिरीचे असल्याने दुकानातील समुद्री पफर हा जवळजवळ नेहमीच समुद्रातून धरून आणलेला असतो. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातील नद्यांत सापडणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या बुटक्या पफरची कथा फारशी वेगळी नाही. परदेशी छंदिष्टांसाठी तो इतका उपसला गेला की जागतिक निसर्ग संवर्धन संघाने त्याला असुरक्षित गटात टाकले. त्याची पैदास टाकीत होऊ शकते, हे त्यातले दिलाशाचे.

कायद्याचे चित्र यापेक्षा गोंधळाचे. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ आणि समुद्री घोड्यासारख्या जिवांना २००१ पासून संरक्षण आहे, त्यामुळे टाकी सजवायला समुद्रातले जिवंत प्रवाळ उचलणे हा गुन्हा ठरतो. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यातून मासा धरून आणणेही परवानगीशिवाय चालत नाही. परंतु रोजच्या खरेदी-विक्रीचे काय? केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये मत्स्यालय व फिश टँक दुकानांसाठी स्वतंत्र नियम जाहीर केले. काचेच्या गोल भांड्यात मासे ठेवायला त्यात मनाई होती आणि १५८ जातींच्या विक्रीवर बंदी. विक्रेते आणि मत्स्यपालक यांनी त्याविरुद्ध गिल्ला केला, आणि पुढे ते नियम मागे घेण्यात आले. नियमांत दोष होतेच. बंदिस्त पैदास झालेला मासा आणि खडकावरून उपटलेला मासा यांत त्यांनी पुरेसा फरक केला नव्हता, आणि दुकानांच्या तपासणीसाठी माणसे कोठून आणणार याचे उत्तर त्यांत नव्हते. पण दोष काढून नियम सुधारण्याऐवजी नियमच गेले. उरला तो १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा. त्यातील व्याख्येप्रमाणे मनुष्य वगळता प्रत्येक सजीव हा 'प्राणी', म्हणजे मासाही त्यात येतो. मात्र पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने ठरवलेला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. एवढ्या रकमेत त्या माशाची कोळंबीही येत नाही.

सरकारची दुसरी बाजू प्रोत्साहनाची. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मासे संगोपनाच्या घटकासाठी तीन लाख रुपये प्रकल्पखर्च धरलेला असून सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवले होते. समुद्री माशांचाही त्यात समावेश होता. राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठाननेही किनाऱ्यावरील बचत गटांना शोभिवंत मत्स्यपालनाकडे वळवले आहे. कोकणासाठी ही संधी आहे यात शंका नाही. समुद्र जवळ, मत्स्य महाविद्यालय शिरगावला १९८१ पासून, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र रत्नागिरीत. टाकीत जन्मलेला क्लाउनफिश कोकणातून मुंबईला जाऊ लागला तर खडकावरच्या माशांवरील भार तेवढा हलका होईल. मात्र अनुदान देणाऱ्या यंत्रणेने मासा पिकवण्याचे जेवढे शिक्षण दिले, त्याच्या दहावा हिस्साही तो विकत घेणाऱ्याला सांभाळायला शिकवण्यासाठी दिलेले नाही. मासा विकताना तो कोठून आला, किती वाढतो, त्याला कोणते पाणी आणि काय खाणे लागते, एवढ्या चार ओळींचा कागद देणे सक्तीचे केले तरी निम्मे अपघात टळतील असे वाटते. यासाठी १५८ जातींची यादी लागत नाही.

ज्याला खारे पाणी बघण्याची हौस आहे त्याला आणखी एक मार्ग उपलब्ध आहे, आणि तो लांज्याहून एसटीने तासाभराचा. रत्नागिरीत झाडगावला त्या संशोधन केंद्राचे मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. १९५१ मध्ये मरिन ड्राइव्हवर उभे राहिलेले मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन खुले झाले होते, आणि २०२० च्या टाळेबंदीत त्याची दारे पुन्हा बंद झाली. मोठ्या शहराच्या मुलांना जे दुरापास्त झाले ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलांना हाताशी आहे. शाळांच्या सहली तेथे जातात, पण सहलीपलीकडे या केंद्राचा उपयोग घरगुती मत्स्यालय बाळगणाऱ्यांना सल्ला देण्यासाठी व्हावा, पाण्याची तपासणी तेथे माफक दरात करून मिळावी, अशी अपेक्षा ठेवणे अवास्तव नव्हे.

आमच्या परिचिताने मासा परसात आंब्याच्या मुळाशी पुरला. टाकी विकायला काढली होती, पण गिऱ्हाईक मिळाले नाही. अलीकडे गेलो तेव्हा तीत विहिरीचे पाणी होते आणि धाकट्या मुलाने रत्नागिरीहून आणलेले पाच-सहा गप्पी. दर रविवारी पाणी कोण बदलणार, यावरून दोन्ही मुलांत वाद चालू होता.